माघारीचे अंतर

"मी उभा होतो, सर. तेवढं आधी लिहा."

ज्ञानदेव बोचरे हे वाक्य तिसऱ्यांदा बोलले. तालुक्याच्या रुग्णालयातल्या खाटेवर ते उशीला टेकून बसले होते. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बांधलेला, मानेच्या एका बाजूला जाड पट्टी. बोचरे आमच्या सावरमाळचे वायरमन. उंची सहा फूट एक इंच. खांबावर चढायला त्यांना शिडी निम्मीच लागते, असे गावात म्हणत. मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, लख्ख उन्हात, उसाच्या कडेच्या डीपीजवळ त्यांच्यावर बिबट्याने झेप घेतली. शेजारच्या रानात कोणी ट्रॅक्टर सुरू केला, त्या आवाजाने तो हटला, म्हणून आज त्यांची जबानी घेता येत होती.

"खाली वाकला नव्हता? पक्कड, चप्पल, काही उचलायला?"

"तुम्ही मास्तर लोक उत्तर माहीत असलं तरी विचारता. फ्यूज वर असतो, सर. वर बघत होतो."

"अंगावर थोराडी होती?"

"माझ्या अंगावर थोराडी घालून काय ताडाचं झाड करायचंय?" ते हसले आणि पट्टीखाली कळ आल्याने लगेच गप्प झाले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मला त्यानं आधी बघितलं होतं. मीही त्याला बघितलं. मनात म्हटलं, जाईल. उभ्या माणसाला बघून जातोच की तो. एवढी वर्षं जातोच आहे."

मी लिहिले : 'हल्ल्याच्या क्षणी जखमी व्यक्ती सरळ उभी होती.' लिहिताना थकवा आला, आणि तो त्या दिवसापुरता नव्हता.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. कुकडीच्या पाण्यावर आमच्याकडे ऊस उभा राहिला आणि उसात बिबटे राहू लागले. आज जो बिबट्या आमच्या बांधावरून जातो, त्याने डोंगर पाहिलेला नसतो. त्याची आई उसात व्याली, आजीही उसातच. अशा शेजाऱ्याबरोबर माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, ती एका अलिखित नियमाच्या आधारावर. बिबट्याच्या डोळ्याच्या पातळीखाली जे असते ते भक्ष्य असू शकते : शेळी, कुत्रा, मूल, आणि खुरपायला बसलेली बाई. पातळीच्या वर जे उभे असते, ते त्रासाचे; त्याला पाहून माघार घ्यावी. हा नियम कोणी बिबट्याला शिकवला नाही. त्याच्या पूर्वजांना तो अनुभवाने पटला होता, एवढेच.

म्हणूनच आमच्या बायकांची एक रीत होती. कांदा खुरपायला एकटीदुकटी कोणी जात नसे. पाच-सहा घरे सावडीने जात. आज हिचे रान, उद्या तिचे. त्यांपैकी एक बाई खुरपे हाती न धरता ताट आणि पळी घेऊन बांधावर उभी राही. तिला 'उभी'च म्हणत. सकाळी पहिला प्रश्न असे, "आज उभी कोण?" उभी राहणारी बाई गप्पा मारी, ताट वाजवी, उसाकडे पाही आणि काहीही झाले तरी खाली बसत नसे.

ही रीत मोडली, आणि ती मोडण्यात माझा वाटा आहे.

थोराडी हे नाव बायकांनी दिलेले. पुण्याच्या प्रयोगशाळेच्या कागदोपत्री तिचे नाव 'आभासी-उंची प्रावरण' असे होते. ते नाव एका दमात म्हणण्यापेक्षा बिबट्याला सामोरे जाणे सोपे, असे माझी आक्का म्हणे. दिसायला ती डोक्यावरून घेण्याची, गुडघ्यापर्यंत येणारी करड्या रंगाची झिरझिरीत खोळ होती. वजन पाऊण किलो.

तिच्यामागचे तत्त्व असे. डोळा वस्तूचा आकार मोजत नाही. तो अनुमान करतो. वस्तूवरून निघालेले किरण डोळ्यापर्यंत येतात आणि ते सरळ रेषेतच आले असतील, असे डोळा गृहीत धरतो. त्या रेषा मनाने मागे ओढून जिथे मिळतील, तिथे वस्तूची कड आहे असे तो ठरवतो. हे गृहीत निसर्गात जवळजवळ कधीच खोटे ठरत नाही, म्हणून कोणत्याही प्राण्याला त्याविषयी शंका घेण्याची गरज पडली नाही. थोराडीतले मेटामटेरियल हे गृहीत मोडते. साध्या पदार्थाचे प्रकाशाशी कसे वर्तन असावे, हे त्याच्या अणूंवरून ठरते. इथे ते पदार्थात कोरलेल्या नक्षीवरून ठरते. प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी लहान अशी कोट्यवधी वलये त्या खोळीच्या पापुद्र्यात होती. ती प्रकाशाला निसर्गात आढळणार नाही अशा उलट दिशेने वळवत. परिणामी बसलेल्या बाईच्या कडेवरून निघालेला किरण तिच्या डोक्याच्या तीन फूट वरून निघाल्यासारखा भासे. प्रतिमेला ताण उभ्या दिशेने अधिक दिलेला होता. त्यामुळे अडीच फुटांची बसलेली बाई पाहणाऱ्याला साडेपाच फुटांची उभी दिसे.

सर्व रंगांना एकाच वेळी असे वळवणे आजही साधलेले नाही. परंतु बिबट्याच्या डोळ्याला सर्व रंग लागतच नाहीत; त्याला निळा कळतो, हिरवा कळतो, तांबडा जवळजवळ नाही. म्हणून वलये त्या दोनच पट्ट्यांसाठी जुळवली होती. माणसाला मात्र दोन आकृती दिसत : बाहेरची निळसर-हिरवी, धुरकट, पुरुषभर उंच, आणि तिच्या तळाशी, कंदिलाच्या काचेत ज्योत दिसावी तशी, तांबूस रंगात खरी बाई. बायका मुद्दाम लाल लुगडी नेसू लागल्या, म्हणजे रानातून एकमेकींना ओळखू येई.

माझे काम मोजण्याचे. मी तालुक्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेने मला स्थानिक निरीक्षक नेमले होते. दर गुरुवारी वीस आणि चाळीस मीटरवरून मी प्रत्येक थोराडीची आभासी उंची मोजत असे, आणि बांधांवर लावलेल्या कॅमेऱ्यांवरून एक आकडा काढत असे. त्याचे नाव माघारीचे अंतर : उंच आकृती दिसल्यावर बिबट्या तिच्यापासून किती मीटरांवर थबकतो आणि मागे वळतो, ते अंतर.

पहिल्या वर्षी ते सरासरी एकेचाळीस मीटर होते. दुसऱ्या वर्षी तेहेतीस. तिसऱ्या वर्षी एकोणीस. या वर्षी नऊ; आणि त्यातही तीन नोंदी मला सरासरीबाहेर ठेवाव्या लागल्या होत्या, कारण त्यांत बिबट्या वळलाच नव्हता. तो मांजरासारखा पुढचे पाय जुळवून बसला होता आणि पाहत होता.

*

"माझ्याकडे चार वर्षांत शून्य मृत्यू आहेत," डॉ. दामले फोनवर म्हणाल्या. "तुमच्याकडे एक वायरमन आहे."

मेधाविनी दामले या प्रकल्पाच्या प्रमुख. बुद्धिमान, कष्टाळू बाई. त्यांच्याशी वाद घालताना मला नेहमी आनंद होई. त्या दिवशी झाला नाही.

"त्या शून्यामागे बिबट्याची भीती आहे, मॅडम," मी म्हणालो. "आपण ती भीती निर्माण केली नाही. ती आधीची होती. आपण ती चार वर्षे वापरली. आता ती संपत आली आहे."

"एका घटनेवरून?"

"चार वर्षांच्या नोंदींवरून. घटना फक्त शेवटची आहे. बिबट्या डोळ्याने पाहतो, पण कानानेही ऐकतो. खुरप्याचा आवाज येतो तो जमिनीलगत. खोकला येतो तो दोन फुटांवरून. आकृती मात्र साडेपाच फुटांची. पहिल्या वर्षीच्या चित्रफितींत तो आकृतीच्या छातीकडे पाहतो. तिसऱ्या वर्षीपासून त्याचे कान आणि डोळे तिच्या तळाशी लागलेले आहेत. उंच दिसणारे काहीतरी आतून बुटके असते, हे त्याला कळले आहे. पुढची पायरी त्याने बोचऱ्यांवर घेतली. त्याच्या लेखी आता प्रत्येक उंच आकृती संशयास्पद आहे, खरी उंचसुद्धा."

"कानांचं हे तुम्ही आधी का कळवलं नाहीत?"

हा प्रश्न योग्य होता. "तक्त्यात त्याला रकाना नव्हता," मी म्हणालो. "समासात टीप लिहिली होती. पुढे तुमच्याकडे पाठवली नाही."

त्या त्यावर अडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताण वाढवू. साडेपाचाऐवजी नऊ फूट. त्याला पुन्हा धाक बसेल."

"आणखी दोन वर्षे बसेल. मग नऊ फुटांचाही धाक जाईल, आणि साडेपाच फुटांची माणसे तर त्याच्या हिशेबातून केव्हाच उतरलेली असतील. शाळेत चालत जाणारी शिक्षिका, दूध घालणारा, सगळी."

"मग परत घ्यायच्या?" त्यांचा आवाज थकलेला होता, तो माझ्या आवाजासारखाच होता. "एकशे चाळीस बायका आहेत, प्राध्यापक. परत घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांतली एक गेली, तर तिच्या घरी कोण जाणार? तुम्ही?"

"मीच."

"नियमाप्रमाणे निरीक्षकाच्या सहीशिवाय थोराड्या परतही घेता येत नाहीत आणि त्यांचा ताणही वाढवता येत नाही. सोमवारपर्यंत कळवा. पण एक लक्षात घ्या. तुमच्या बहिणीकडेही एक आहे, हे मला माहीत आहे. तिची परत घ्याल, तेव्हाच तुमची सही मी खरी मानेन."

*

शनिवारी सकाळी मी आक्काकडे गेलो. दाजी टेम्पो घेऊन आळेफाट्याला गेले होते. आक्का एकटी रानात होती. बांधावरून मला आधी हिरवट धुरकट आकृती दिसली, वाफ्यातून हळूहळू सरकणारी. मग तिच्या पायथ्याशी लाल लुगड्यातली माझी बहीण.

"दिगू आला का," ती मान न वळवता म्हणाली. "चाल ओळखते मी तुझी. पाय घासतोस."

तिने थोराडी मागे सारली. हिरवी आकृती मिटली आणि एकदम रान मोकळे, मोठे दिसू लागले. तिच्या उजव्या कानाखालून खांद्यापर्यंत गेलेला व्रण उन्हात चकाकला. एकोणतीस टाके.

त्या व्रणाची हकीकत इथे सांगितली पाहिजे. ती वगळून पुढचा युक्तिवाद प्रामाणिक होणार नाही. सात वर्षांपूर्वी, दिवाळीच्या सुटीत, याच रानात आक्का खुरपत होती. सावडीच्या बायका सणासाठी माहेरी गेल्या होत्या. तण वाढत होते. मी सुटीवर होतो. आक्का म्हणाली, तू उभा राहा, मी दोन वाफे उरकते. मी ताट-पळी घेऊन उभा राहिलो. तासाभराने पाय दुखू लागले. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी बरोबर आणला होता. पंधराच तपासू, असे म्हणून मी बांधावरच्या एका सपाट दगडावर बसलो. बाराव्या उत्तरपत्रिकेत एका मुलीने प्रकाशाचे अपवर्तन फार सुरेख समजावून दिले होते. मी शेरा लिहीत होतो, तेव्हा आक्काचा आवाज आला. ती ओरडली नव्हती. दम कोंडल्यासारखा, आखूड आवाज होता तो. मी उठून उभा राहिलो, आणि बिबट्याने तिला सोडले. मला केवळ उभे राहावे लागले. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे, आणि तेवढी पुरली.

आक्काने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. दाजींना ती म्हणाली, दिगू होता म्हणून वाचले. पुढची तीन वर्षे ती रानात गेली नाही. दार बंद करून आत बसे. अंगणात शेळी हलली तरी भिंतीला पाठ लावी. प्रयोगशाळेची जाहिरात मी पाहिली तेव्हा पहिला अर्ज मी केला आणि पहिली थोराडी तिच्यासाठी आणली. ज्या दिवशी ती घालून आक्का पुन्हा वाफ्यात बसली, त्या दिवशी मी घरी येऊन बारा तास झोपलो.

आता ती परत मागायची होती.

"बोचऱ्याचं ऐकलं," आक्का म्हणाली. "हात राहील का त्याचा?"

"राहील म्हणतात. बोटं हलत नाहीत अजून." मी वाफ्याच्या कडेला उकिडवा बसलो आणि सगळे सांगितले, आकडे, चित्रफिती, कान. आक्का चौथी शिकलेली आहे, पण तिला समजावताना मला कधी काही सोपे करावे लागले नाही. ती खुरपत ऐकत होती.

"म्हणजे त्याला आमचं सोंग कळलं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"कळणारच की. आम्ही त्या ग्रामसेवकाला केलं होतं ना तसं." तिला हसू आले. पहिल्याच वर्षी ग्रामसेवक मोटारसायकलवरून आले असता आपापल्या वाफ्यांतल्या सहा जणी एकदम उठून उभ्या राहिल्या होत्या. उभ्याने थोराडीत बाई अकरा फुटांची दिसे. ग्रामसेवक गाडी टाकून पळाले. "दुसऱ्या बारीला आला तर म्हणतो कसा, बसा बसा मावश्यांनो, वळखलं. पुन्हा न्हाय भ्यायला. बिबट्या काय ग्रामसेवकापेक्षा येडा आहे?"

मी हसलो नाही. माझ्या चार वर्षांच्या तक्त्यांत जे होते, ते तिने एका ग्रामसेवकात बसवले होते.

"ती परत द्यावी लागेल, आक्का."

खुरपे थांबले.

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. पण आधी तुझी."

"का, मी काय पाप केलं?"

"माझी बहीण आहेस म्हणून. तुझ्याकडे राहिली, तर दुसरी कोणती बाई देईल?"

तिने मूठभर तण उपटले, मुळांची माती झटकली आणि ते बाजूला ठेवले, फेकले नाही. "तुला म्हाईत आहे मी घरात कशी बसले होते," ती म्हणाली. "भिंतीतल्या पालीसारखी. ह्यांनी कधी बोलून दाखवलं न्हाय, पण बाजारातून आले की आधी बघायचे, आज तरी चूल पेटवलीय का. ही अंगावर घेतली तवा माणसात आले मी. आता म्हणतोस काढ."

"सावड पुन्हा धरता येईल. एकीने उभं राहायचं, पूर्वीसारखं."

"चार वर्षांत कोणाच्या बांधाला पाय लावला न्हाय मी. गरजच न्हवती. सावडीतली हिरामणची बायको आजारी पडली तवा बी गेले न्हाय. आपापलं थोराडीत बसायचं, आपापलं उठायचं. आता कुठल्या तोंडानं हाक मारू?" मग तिने माझ्याकडे पाहिले. "आणि तूच म्हणतोस, त्याला उभ्या माणसाचं भ्या राह्यलं न्हाय. मग उभी राहून बाई करंल काय?"

हा प्रश्न मला अपेक्षित होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे पूर्ण नव्हते. "भीती गेली आहे, पण सगळी नाही," मी म्हणालो. "खरा उभा माणूस वरून बोलतो, वरून पाहतो, हलतो, ताट वाजवतो. डोळ्याला आणि कानाला एकच गोष्ट कळते. असे खरे उभे माणूस त्याला पुन्हापुन्हा भेटले, तर हळूहळू पटेल. किती वर्षं लागतील ते मला सांगता येत नाही. तोवर धोका आहे. पूर्वीपेक्षा जास्त आहे. पण आज नाही काढली, तर पुढे कोणीच उभं राहून उपयोग होणार नाही."

आक्काने खुरपे पुन्हा चालवले. वाफ्याच्या टोकापर्यंत ती सरकत गेली, तिथून परत आली. थोराडी तिने डोक्यावर ओढली नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आले.

"कोण राहील उभं?" तिने विचारले.

सात वर्षे हा प्रश्न तिने विचारला नव्हता.

"मी," मी म्हणालो.

"कालेज?"

"रजा आहे. शिल्लक पुष्कळ आहे."

"पाय दुखतील तुझं."

"दुखतील."

तिने थोराडीची घडी घातली; साडीची घालतात तशी, काठाला काठ जुळवून. ती माझ्या हातात देताना म्हणाली, "धुतलेली न्हाय हां. तुझ्या मॅडमला सांग."

*

सोमवारी मी सही केली. अहवालात लिहिले की प्रावरणे तत्काळ परत घ्यावीत. ताण वाढवण्याचा प्रस्ताव फेटाळावा. आणि प्रत्येक रानात, खुरपणी सुरू असेपर्यंत, एक व्यक्ती उभी असावी. डॉ. दामले यांनी तिसऱ्या शिफारशीवर शेरा मारला, 'ही तंत्रज्ञानाची शिफारस नाही.' मी उत्तर पाठवले की तसा दावा मी केलेला नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. वाद घालायला नव्हता. थोराड्या परत घेण्याचा आदेश त्यांनी काढला होता. आणि गावोगावी उभे राहायला माणसे मिळतात का हे पाहण्यासाठी आपण स्वतः येऊ, असे त्या म्हणाल्या.

थोराड्या गोळा करायला आठवडा लागला. शाळेच्या वर्गात मी टेबल मांडून बसलो. काही बायकांनी काहीच न बोलता दिल्या. एकीने टेबलावर आपटली. एकीने विचारले, "सर, पोरगं लहान आहे, रानात न्यावं लागतं. त्याच्यापुरती ठेवू का?" मी नाही म्हणालो. ती गेली तेव्हा तिच्या कडेवरचे मूल माझ्याकडे वळून पाहत होते. मी यादीत तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढचे नाव वाचले. एकशे चाळीसपैकी एकशे एकोणचाळीस आल्या. उरलेली एक पाटाच्या पाण्यात वाहून गेली, असे कळवण्यात आले. मी चौकशी केली नाही. तेवढे भांडण्याचे त्राण माझ्यात उरले नव्हते.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सात वाजता मी आक्काच्या बांधावर ताट आणि पळी घेऊन उभा राहिलो.

सावडीला कोणी आले नाही. आक्काने आदल्या दिवशी तीन घरी जाऊन हाक मारली होती. तिघींनीही बघू म्हटले होते. आक्का वाफ्यात बसली. हिरव्या धुराशिवाय ती किती लहान दिसते, हे मी विसरलो होतो. लाल लुगड्याची एक पुरचुंडी कोणी वाफ्यात ठेवली असावी, एवढीच.

"आज उभी कोण," ती स्वतःशीच म्हणाली, "तर आमचा दिगू. काय दिवस आले."

"बोलत राहा, आक्का."

"बोलायला तुला नेमलंय. मी खुरपते."

मी बोललो. काय बोलावे ते सुचेना, म्हणून अकरावीचा प्रकाशाचा धडा मोठ्याने म्हटला. मधूनमधून ताट वाजवले. आठ वाजेपर्यंत पोटऱ्या भरून आल्या, नऊला गुडघे. बांधावर, माझ्या डाव्या पायाशी, बसण्याजोगा एक सपाट दगड होता. तो तोच दगड होता. त्याच्याकडे मी पाहिले आणि पुन्हा उसाकडे पाहिले.

साडेनऊच्या सुमारास आक्का ज्या वाफ्यात होती त्याच्या पलीकडची उसाची पाती हलली, आणि बिबट्या बाहेर आला. घाईने नाही. तो कडेला थांबला, आणि त्याने आधी आक्काकडे पाहिले.

"आक्का," मी म्हणालो, "हात थांबव. उठू नकोस. तुझ्या उजव्या अंगाला आहे." ती उठली असती, तर उठताना काही क्षण वाकलेली राहिली असती, आणि वाकलेल्या माणसाची पाठ बिबट्याला फार जुन्या ओळखीची असते.

ती थांबली. तिच्या मानेची शीर मला बांधावरून दिसत होती.

मी ताटावर पळी मारली आणि चालू लागलो. त्याच्या दिशेने, आक्का आणि तो यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्याकडे. धाव घ्यावीशी वाटली, पण घेतली नाही. मी धडा म्हणतच होतो, शब्द कोणते ते आठवत नाही. बिबट्याने नजर माझ्याकडे वळवली. आधी त्याने माझ्या पावलांकडे पाहिले. तिथे कोणी बुटके दडले आहे का, हे तो शोधत होता. चार वर्षे आम्ही त्याला हेच शिकवले होते. पावलांशी पावलेच होती. मग त्याची मान हळूहळू वर आली : गुडघे, कंबर, छाती, आणि जिथून आवाज येत होता तिथे, माझ्या तोंडावर, थांबली. कानही तिथेच लागले.

माझी उंची पाच फूट तीन इंच. त्यात आज कोणतीही भर नव्हती.

तो बसला नाही. पुढे आला नाही. एक पाऊल त्याने उचलले होते, ते तसेच मागे घेतले. वळला, आणि ज्या पात्यांतून आला होता त्यांतून आत गेला. ऊस बराच वेळ हलत राहिला, मग थांबला.

मी तिथेच उभा राहिलो. माझ्यात आणि त्या पात्यांत किती पावले होती ती मी नजरेने मोजली, नंतर पुन्हा एकदा मोजली, कारण पहिल्या मोजणीत मला स्वतःवर विश्वास नव्हता.

"गेला का?" आक्काने विचारले.

"गेला."

"किती लांबून वळला?"

"अकरा मीटर."

तिने ते मनाशी तोलले. नऊहून अकरा जास्त असतात, हे तिला कोणी सांगण्याची गरज नव्हती. एकाच नोंदीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तिने पदराने तोंड पुसले. खुरप्याची माती झटकली. मग ती पुढच्या वाफ्याकडे सरकली.

"दोन वाफे राह्यलेत," ती म्हणाली. "बसू नको."

"नाही बसत," मी म्हणालो, आणि ताट वाजवले.